उचलायचं नाही

सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा.
महिन्यातले दोन रविवार,
तेही पाहुणे आले नाहीत तर.

फुटाळ्याच्या काठावर आधी पोचते सुकवारो.
चपला काढून भिंतीवर बसते
आणि आम्ही दिसेपर्यंत कोणाशी बोलत नाही.
पंधरा दिवस "हो दीदी" म्हणून म्हणून
तिचा आवाज भातासारखा तळाला लागलेला असतो.

मग मनीषनगराहून दोन आटो बदलत बुधियारीन,
मग मंगली, मग मी, सोमारी.
आमच्या गावांकडे वारांवरून नावं पडतात.
कोणत्या वारी जन्मलो ते ठाऊक असतं,
साल कोणाच्याच ध्यानात नाही.

बुधियारीन मालकिणीच्या तोंडी बसली नाही,
तिथे ती पिंकी.
म्हणून आल्याआल्या आम्ही तिला
काही काम नसताना हाक मारतो :
बुधियारीन! बुधियारीन वो!
ती म्हणते, काय हाय?
आम्ही म्हणतो, काही नाही.

नियम एकच.
आपली पत्रावळ आपण उचलायची,
दुसरीची उचलायची नाही.
उचलली तर पाच रुपये दंड,
साबणाच्या रिकाम्या डबीत.
सगळ्यांत जास्त मीच भरते.
काय करू, हात ऐकत नाही.
मागच्या खेपेला टपरीवरचे सहाच्या सहा ग्लास
बोलता बोलता विसळून पालथे घातले,
तो टपरीवाला घाबरूनच गेला बाप्पा,
म्हणे, बाई, पैसे किती देऊ?

मंगली फक्त झोपायला येते.
घरातलं तान्हं रात्री तिच्याच कुशीत असतं.
इथे ती तोंडावर ओढणी घेते आणि गेली.
ऊन सरकलं की आम्ही तिला उठवत नाही,
छत्री सरकवतो.

संत्री सोलतो. डोक्याला तेल लावतो.
सुकवारोचा पोरगा डोंगरगडहून फोनमध्ये पाहून विचारतो,
माय, मागे समुद्र हाय काय?
ती म्हणते, हो.
आम्ही कोणी काही बोलत नाही.

आणि इतवारीन.
नाव इतवारीन, अन् इतवारचीच सुट्टी नाही.
तळ्यासमोरच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर असते.
चार वाजता कपडे काढायला बाल्कनीत येते
आणि लाल टॉवेल झटकते.
एकदा झटकला, बरं आहे.
दोनदा झटकला, पगार नाही झाला.
खालून आम्ही मंगलीची ओढणी हलवतो.

आज तिनं तीनदा झटकला.

तीनदाचं काही ठरलंच नव्हतं.
सुकवारो म्हणाली, गावाला जाऊन राहिली असंल.
बुधियारीन म्हणाली, अंगात ताप असंल.
मी म्हटलं, टॉवेलात मुंगळा असंल एखादा.
कोणी हसलं नाही.
मंगली झोपेतून उठून बसली,
म्हणाली, काहून बसल्या वो? चला.

गेटवर वहीवाला.
कोणाकडे? इतवारीनकडे.
तो म्हणाला, या नावाचं इथे कोणी नाही.
फ्लॅट नंबर? माहीत नाही.
कामवालीचं नाव काय लावतात त्या घरी?

आम्ही एकमेकींकडे पाहिलं.
तीन वर्षं टॉवेल ओळखतो आम्ही तिचा.
वरच्या घरात ती कोण आहे,
आमच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं.

पावणेसहा झाले होते.
मनीषनगरला पोचायला तासभर लागतो.
साबणाच्या डबीत पंच्याऐंशी रुपये वाजत होते.

मग आम्ही कुंपणाच्या बाहेरून इमारतीमागे गेलो,
जिथे स्वयंपाकघराच्या खिडक्या उघडतात
आणि फोडणीचा वास खाली येतो,
आणि सुकवारोनं,
आमच्या त्या तळाला लागलेल्या सुकवारोनं,
मान वर करून अशी हाक दिली
की तळ्यावरचे बगळे उठले :

इतवारीन! इतवारीन वो!

एक खिडकी उघडली, चुकीची.
मग दुसरी.
मग सहाव्या मजल्याची जाळी सरकली,
पीठ लागलेला हात दिसला,
आणि वरून आवाज आला,
काय हाय?

आम्ही चौघी एकदम म्हणालो,
काही नाही.